अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसेल असा करणे : नवशिक्यांसाठी ब्रेडबोर्डवरची वाट

ठाण्यातील बहुतेक गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावर आता सीसीटीव्ही कॅमेरा असतो. रात्री अंधारात त्याच्याकडे जरा निरखून पाहिले, तर भिंगाभोवतीच्या कड्यात विझत आलेल्या निखाऱ्यासारखे मंद लाल ठिपके दिसतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्या वेळी सगळे आवार लख्ख उजळलेले असते. आपल्या वाट्याला त्या उजेडाची फक्त शेपटी येते. ते ठिपके ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एलईडींचे असतात. माणसाच्या डोळ्याची पोच साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढीच असली, तरी ती भिंत घातल्यासारखी एकदम संपत नाही, म्हणून ८५० चा प्रखर दिवा जेमतेम जाणवतो. टीव्हीच्या रिमोटमधला ९४० नॅनोमीटरचा दिवा मात्र मुळीच दिसत नाही. येऊरच्या बाजूला बिबट्यांच्या नोंदीसाठी लावतात तसल्या कॅमेरा ट्रॅपमध्येही, जनावर बिचकू नये म्हणून, याच ९४० च्या दिव्यांची सोय असते.

हा न दिसणारा, म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड), प्रकाश दिसता करणारे उपकरण घरच्या टेबलावर कसे जुळवायचे, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. वाचकाला ओहमचा नियम माहीत आहे आणि ब्रेडबोर्ड त्याने किमान एकदा हाताळला आहे, एवढेच मी गृहीत धरले आहे. सोल्डरिंगची गरज पडणार नाही.

आधी हिशेब ऊर्जेचा

जोडणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी, कारण ती निसटली की पुढची प्रत्येक जोडणी चमत्कारासारखी वाटू लागते. प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये हवी असेल, तर १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. रिमोटच्या ९४० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये १.३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, ६३० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनमध्ये १.९७, आणि ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनमध्ये २.३४. म्हणजे अवरक्त फोटॉन दृश्य फोटॉनपेक्षा गरीब असतो. एकाच्या बदल्यात एक असा सौदा निसर्गात होत नाही. वरची तूट कोणीतरी भरून द्यावी लागते. आपल्या उपकरणात ती मोबाइलचा चार्जर भरून देणार आहे. अवरक्त प्रकाश फक्त दार उघडण्याचे काम करतो, आत येणारी ऊर्जा चार्जरची असते. त्यामुळे अशा कोणत्याही उपकरणात तीन भाग शोधावेत: अवरक्त प्रकाश ओळखणारा शोधक, ऊर्जा पुरवणारा स्रोत आणि दृश्य प्रकाश देणारा दिवा.

‘अवरक्त’ या एकाच शब्दात अनेक घरे आहेत, हेही इथेच सांगायला हवे. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला आणि त्याचा पारा चढला. तेव्हापासून लालच्या पलीकडचे सगळे या एका नावाखाली आले. आपले शोधक सिलिकॉनचे आहेत. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश सिलिकॉनला दिसतच नाही. घरातल्या ब्रॉडबँडच्या फायबरमधून आपल्याकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश या उपकरणाला दिसणार नाही, आणि अंगाच्या उष्णतेचा तर प्रश्नच नाही: ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या शरीराचे उत्सर्जन ९३०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. ‘इन्फ्रारेड म्हणजे उष्णता दिसणार’ या समजुतीने सुरुवात करणारे बरेच जण पहिल्याच संध्याकाळी हिरमुसतात. उष्णता पाहण्यासाठी वेगळ्या जातीचे शोधक लागतात, आणि त्यांच्यापुढे काचेचे भिंगही चालत नाही, कारण साधी काच त्या तरंगलांबीला जवळजवळ अपारदर्शक असते. तिथे जर्मेनियमचे भिंग वापरतात.

सामान

ठाण्याहून जलद लोकलने दादर, तिथे पश्चिम रेल्वेची गाडी धरून ग्रँट रोड आणि स्थानकाच्या पूर्वेला थोडे चालले की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, लागतो. रविवारी जाऊ नये. बहुतेक दुकाने बंद असतात. ऑनलाइन मागवले तरी हरकत नाही, परंतु दुकानात समोर उभे राहून दोन प्रकारचे फोटोडायोड, म्हणजे आपले प्रकाश ओळखणारे शोधक, हातात घेऊन पाहण्याचा फायदा मोठा आहे.

मुख्य वस्तू म्हणजे बीपीडब्ल्यू ३४ हा चपटा, पारदर्शक आवरणाचा फोटोडायोड. त्याचे प्रकाश टिपणारे क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर, म्हणजे छोट्या घटकाच्या मानाने ऐसपैस आहे, आणि ९०० नॅनोमीटरच्या आसपास तो सर्वाधिक संवेदनशील असतो. त्याच्या जोडीला दुकानदार ज्याला ‘आयआर पेअर’ म्हणतात ती जोडीही घ्यावी. तीत एक पांढरा आणि एक काळा, असे दोन ५ मिलिमीटरचे घटक असतात. पांढरा बहुधा अवरक्त एलईडी असतो आणि काळा फोटोडायोड. काळ्या प्लॅस्टिकमधून दृश्य प्रकाश जात नाही, अवरक्त जातो. हा गुण पुढे फार उपयोगी पडणार आहे. याखेरीज प्रखर हिरवे व लाल एलईडी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर चार-पाच, एलएम ३५८ ही आयसी, १०० ओहम, ३३० ओहम, १ किलोओहम आणि १ मेगाओहमचे रेझिस्टर, १ मेगाओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर), १० पिकोफॅरडचा कपॅसिटर, ब्रेडबोर्ड, तारा आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढे पुरे.

वीजपुरवठा ५ व्होल्टचा, चांगल्या कंपनीच्या मोबाइल चार्जरवरून घ्यावा. पॉवर बँक अधिक सुरक्षित वाटते खरी, पण तिच्यात एक अडचण आहे: फार कमी प्रवाह ओढला जात असेल तर फोन चार्ज झाला असे समजून बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, आणि नवशिका आपल्या जोडणीत दोष शोधत बसतो.

पहिली पायरी : फोनने तपासणी

अवरक्त एलईडी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडावा. लांब पाय धनाकडे. अशा एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३.८ व्होल्टमुळे ३८ मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. डोळ्यांना काहीच दिसणार नाही. आता फोनचा पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा त्याच्यावर धरावा; बहुतेक फोनांत पडद्यावर पांढुरका किंवा जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी सहसा अधिक कडक असते, म्हणून त्यात तो फिका दिसतो किंवा दिसतही नाही. जोडीतला कोणता घटक दिवा आणि कोणता शोधक, याविषयी शंका असेल तर ती याच चाचणीने मिटते.

फोटोडायोडचे धन आणि ऋण टोक ओळखण्यासाठी आवरणावरच्या खुणांवर विसंबू नये. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून डायोड खिडकीतल्या उन्हात धरावा. तो छोट्या सौरघटासारखा काही दशांश व्होल्ट दाखवतो. वाचन धन असताना लाल तार ज्या पायाला असेल तो ॲनोड, दुसरा कॅथोड. दोन्ही पायांवर रंगीत चिकटपट्टीची खूण लगेच करून टाकावी.

दुसरी पायरी : तीन घटकांचे उपकरण

आता खरे काम. ५ व्होल्टच्या धन टोकापासून ३३० ओहमचा रेझिस्टर, त्याच्यापुढे बीपीडब्ल्यू ३४ चा कॅथोड, त्याच्या ॲनोडपासून हिरव्या एलईडीचा लांब पाय आणि एलईडीचा आखूड पाय ऋण टोकाला, अशी सरळ एका ओळीतली जोडणी करावी. फोटोडायोड येथे मुद्दाम उलटा जोडलेला आहे. अंधारात तो जवळजवळ बंद दारासारखा असतो. त्यातून काही नॅनोॲम्पिअर गळतात, तेवढेच. अवरक्त फोटॉन आत शिरला की सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि पुरवठ्याचा दाब त्याला ओढून नेतो. तो प्रवाह पुढे एलईडीतून जाताना हिरवा प्रकाश निर्माण होतो.

खोलीतला दिवा बंद करावा, पडदे ओढावेत आणि आधीच्या पायरीतला अवरक्त एलईडी फोटोडायोडसमोर दोन-तीन सेंटिमीटरवर आणावा. हिरवा एलईडी मंद उजळतो. मध्ये पुठ्ठा धरला की विझतो. प्रवाह फार तर शंभर-दोनशे मायक्रोॲम्पिअर असतो, तरीही आजचे हिरवे एलईडी इतके कार्यक्षम आहेत की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो स्वच्छ दिसतो. हिरवा घेण्याचे कारणही हेच, की डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो. एलईडी पूर्ण अंधारातही सतत आणि सारखा जळत राहिला, तर फोटोडायोड उलटसुलट लागला आहे असे समजून त्याचे पाय बदलावेत. ३३० ओहमचा रेझिस्टर नेमका अशा चुकीसाठी आहे. तो नसता तर दोन्ही घटक गेले असते.

पुष्कळ मार्गदर्शक ही पायरी गाळून थेट ट्रान्झिस्टरकडे जातात. मला ते पटत नाही. संशोधनातली ‘अपकन्व्हर्जन’ उपकरणे, म्हणजे कमी ऊर्जेच्या प्रकाशाचा जास्त ऊर्जेचा प्रकाश करणारी उपकरणे, याच जोडणीची पातळ आवृत्ती असतात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये १९९५ साली अवरक्त शोधक आणि एलईडी हे एकाच स्फटिकात एकावर एक थर वाढवून एकसरीत जोडले गेले. अलीकडे शोधकाच्या थरावर सेंद्रिय एलईडीचे थर चढवून तेच साधले जाते. शोधकाच्या ज्या ठिपक्यावर प्रकाश पडतो तिथेच प्रवाह वाहतो आणि त्याच्याच वरचा ठिपका उजळतो, त्यामुळे मध्ये कोणतीही संगणकीय प्रक्रिया न करता पूर्ण चित्र मिळू शकते. ब्रेडबोर्डवरचा आपला एक ठिपका हा त्याच कल्पनेचा सुटा दाणा आहे.

तिसरी पायरी : ट्रान्झिस्टर, आणि माझी एक फजिती

रिमोट दहा सेंटिमीटरवर असताना बीपीडब्ल्यू ३४ मधून काही दशक मायक्रोॲम्पिअर मिळतात. उजेडात सहज दिसण्यासाठी एलईडीला काही मिलिॲम्पिअर हवेत. हे अंतर बीसी ५४७ भरून काढतो; त्याचा प्रवाहगुणक दोनशेच्या घरात धरला, तर ३० मायक्रोॲम्पिअरचे ६ मिलिॲम्पिअर होतात.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. एमिटर ऋण टोकाला जोडावा. लाल एलईडीचा लांब पाय ३३० ओहममधून धन टोकाला आणि आखूड पाय कलेक्टरला. फोटोडायोडचा कॅथोड १ किलोओहममधून धन टोकाला आणि ॲनोड बेसला. बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये १ मेगाओहमचा प्रीसेट लावावा. प्रीसेटचे काम पाट काढून देण्याचे आहे: बेसवर ०.६ व्होल्ट झाल्याशिवाय ट्रान्झिस्टर जागा होत नाही, आणि तोपर्यंत फोटोडायोडचा सगळा प्रवाह प्रीसेटमधून वाहून जातो. प्रीसेट १ मेगाओहमवर असेल तर ०.६ मायक्रोॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह असा निघून जातो, १०० किलोओहमवर असेल तर ६ मायक्रोॲम्पिअरपर्यंतचा. खोलीतल्या उजेडामुळे येणारा प्रवाह या उंबरठ्याखाली बसवायचा आणि रिमोटचा त्याच्यावर, एवढाच प्रीसेट फिरवण्याचा अर्थ. रिमोटचे बटण दाबले की लाल एलईडी थरथरतो. तो स्थिर जळत नाही, कारण रिमोट तुटक पाठवतो. याची उकल पुढे येईल.

हुरूप येऊन मी पहिल्यांदा याच जोडणीत दुसरा ट्रान्झिस्टर जोडून डार्लिंग्टन जोडी केली होती, म्हणजे पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला आणि दोघांचे कलेक्टर एकत्र. गुणक एकदम हजारोंच्या घरात गेला. रिमोट दाखवला, एलईडी पेटला, आणि मग पेटलेलाच राहिला. रिमोट बाजूला ठेवला, खोलीत अंधार केला, तरी विझेना. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असे समजून मी एकामागून एक तीन बदलले. शेवटी कंटाळून चहाचा रिकामा कप पालथा घालून फोटोडायोड झाकला, तेव्हा एलईडी विझला. प्रकार असा होता की लाल एलईडी फोटोडायोडपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर होता, आणि बीपीडब्ल्यू ३४ ला ४३० नॅनोमीटरपासूनचे सगळेच दिसते. एलईडीचा स्वतःचा लाल उजेड फोटोडायोडवर पडत होता आणि एलईडी स्वतःलाच पेटता ठेवत होता. तेव्हापासून एलईडी ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये काळ्या पुठ्ठ्याची उभी भिंत, हा माझा नियम आहे. बीपीडब्ल्यू ३४ च्या जागी काळ्या आवरणाचा फोटोडायोड लावला तरी हा फेरा तुटतो.

चौथी पायरी : नको तो उजेड अडवणे

सूर्यप्रकाशातील जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त पट्ट्यात असते. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन टेबलावर येत असेल, तर तिथे हा प्रयोग चालणार नाही. काळ्या आवरणाचा फोटोडायोडही तिथे हार मानतो, कारण त्याला नको असलेला प्रकाशही अवरक्तच असतो. जुन्या पद्धतीचा तंतूचा बल्बही तसाच. पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये मात्र अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो. म्हणून रात्री, एलईडी बल्बच्या उजेडात, काळ्या आवरणाचा फोटोडायोड घेऊन काम करणे सर्वांत सोयीचे. टेबलही दिसते आणि उपकरणही गोंधळत नाही.

बीपीडब्ल्यू ३४ वरच काम करायचे असेल तर गाळणी घरातच सापडू शकते. रंगीत फोटोंच्या जुन्या निगेटिव्ह पट्ट्या असतील, तर रोल कॅमेऱ्यात भरताना उजेड लागून काळे पडलेले सुरुवातीचे टोक कापून घ्यावे. धुतलेल्या रंगीत निगेटिव्हचा काळेपणा रंगद्रव्यांचा असतो. ती दृश्य प्रकाश अडवतात आणि अवरक्त जाऊ देतात. दोन पदर एकावर एक ठेवून फोटोडायोडवर चिकटवावेत. कृष्णधवल निगेटिव्ह येथे चालत नाही, कारण तिच्यातला काळेपणा चांदीच्या कणांचा असतो आणि तो अवरक्तालाही अडवतो.

पाचवी पायरी : जितका अवरक्त, तितका उजेड

ट्रान्झिस्टरची जोडणी ‘आहे’ की ‘नाही’ एवढे चांगले सांगते. किती आहे हे तिच्याकडून नीट कळत नाही, कारण प्रत्येक बीसी ५४७ चा गुणक वेगळा. प्रमाणात उजळणारे उपकरण हवे असेल तर एलएम ३५८ कडे वळावे. या आयसीत दोन ऑप-अँप (दोन इनपुटांमधला फरक वाढवून देणारे प्रवर्धक) असतात आणि आपल्याला दोन्ही लागणार आहेत.

पहिल्या ऑप-अँपचे धन इनपुट ऋण टोकाला जोडावे. फोटोडायोडचा कॅथोड ऋण इनपुटला आणि ॲनोड वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाला. ऋण इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १० पिकोफॅरडचा कपॅसिटर. फोटोडायोडने ओढलेला प्रवाह त्या रेझिस्टरमधूनच यावा लागतो, म्हणून प्रत्येक मायक्रोॲम्पिअरमागे आउटपुटवर एक व्होल्ट मिळतो. कपॅसिटर नसेल तर जोडणी स्वतःशीच कंप पावू शकते, तेव्हा त्याला फालतू समजून वगळू नये.

दुसऱ्या ऑप-अँपच्या धन इनपुटला हे आउटपुट द्यावे. त्याचे स्वतःचे आउटपुट १ किलोओहममधून बीसी ५४७ च्या बेसला, एमिटर ३३० ओहममधून ऋण टोकाला आणि एमिटरचाच एक धागा ऑप-अँपच्या ऋण इनपुटला. लाल एलईडी धन टोक आणि कलेक्टर यांच्यामध्ये, वेगळ्या रेझिस्टरशिवाय. आता ऑप-अँप ३३० ओहमवरचा दाब पहिल्या आउटपुटाइतकाच राखतो, म्हणून एका व्होल्टमागे एलईडीतून ३ मिलिॲम्पिअर वाहतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर हे प्रमाण साधारण अडीच व्होल्टपर्यंत टिकते. एलएम ३५८ चे आउटपुट पुरवठ्याच्या जवळ पोचू शकत नाही, म्हणून त्यापुढे एलईडी जास्त उजळत नाही.

येथे सुरुवातीचा ऊर्जेचा हिशेब आकड्यांत पाहता येतो. फोटोडायोड ९४० नॅनोमीटरला प्रत्येक वॅटमागे सुमारे ०.६ ॲम्पिअर देतो, म्हणजे एक मायक्रोॲम्पिअर मिळण्यासाठी त्यावर सुमारे १.७ मायक्रोवॅट अवरक्त प्रकाश पडावा लागतो. तेवढ्यावर एलईडीतून ३ मिलिॲम्पिअर वाहतात आणि त्यावर जवळपास २ व्होल्ट असतात, म्हणजे ६ मिलिवॅट. आत आले त्याच्या तीन हजार पटींहून अधिक विद्युतशक्ती दिव्यात खर्च होते, आणि ती सारी चार्जरमधून येते.

मोजणी करून पाहायची असेल तर मल्टिमीटर पहिल्या आउटपुटवर लावावा. अवरक्त एलईडी दोन व्होल्टच्या आसपास वाचन येईल इतक्या अंतरावर ठेवावा, अंतर मोजावे आणि दुप्पट करावे. वाचन सुमारे पाव होते. होत नसेल तर बाहेरचा प्रकाश आत येत आहे: अवरक्त एलईडी बंद करून उरलेले वाचन नोंदवावे आणि दोन्ही वाचनांतून ते वजा करावे. स्वयंपाकघरातल्या वस्तू मध्ये धरून पाहण्यात तर संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही. काचेच्या पेल्यातला कोला डोळ्याला काळाकुट्ट, पण या उपकरणाला बऱ्यापैकी पारदर्शक. एलईडी आणि फोटोडायोड शेजारी-शेजारी ठेवून समोर आंब्याचे हिरवे पान धरले तर परावर्तित प्रकाशाने एलईडी उजळतो, कारण हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात पण अवरक्त मोठ्या प्रमाणात परतवतात. दोघांच्या मध्ये बोट धरले तरी वाचन शून्य होत नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरमध्ये लाल प्रकाशाबरोबर हाच ९४० नॅनोमीटरचा प्रकाश बोटातून पार जात असतो.

टीएसओपी १७३८ विषयी थोडेसे

दुकानदार बहुधा सुचवेल, की एवढा खटाटोप कशाला, टीएसओपी १७३८ घ्या आणि एलईडी जोडा. तीन पायांचा हा रिसीव्हर रिमोटसाठी उत्तम आहे, पण तो प्रकाश दाखवत नाही, निरोप दाखवतो. रिमोटचा प्रकाश सेकंदाला ३८ हजार वेळा चालू-बंद होणाऱ्या छोट्या तुकड्यांत येतो. रिसीव्हर तेवढ्याच लयीला प्रतिसाद देतो आणि ऊन, बल्ब किंवा आपला सतत जळणारा अवरक्त एलईडी यांच्याकडे दुर्लक्ष करतो. त्याचे आउटपुट एरवी वर असते आणि निरोप आला की खाली येते, म्हणून एलईडी धन टोकापासून १ किलोओहममधून आउटपुटकडे जोडावा लागतो. सावध राहण्याची जागा एकच: टीएसओपी १७३८ चे पाय ऋण, धन, आउटपुट अशा क्रमाने असतात, तर टीएसओपी ४८३८ चे आउटपुट, ऋण, धन अशा. गल्ल्यावर दोन्ही एकाच डब्यात असू शकतात. घटकावरचा क्रमांक भिंगातून वाचल्याशिवाय वीज देऊ नये.

चार्जरशिवाय होत नाही का?

होते, पण फुकट नाही. इटर्बियम आणि अर्बियम ही मूलद्रव्ये मिसळलेली काही स्फुरद्रव्ये (फॉस्फर, म्हणजे ऊर्जा शोषून प्रकाश देणारे पदार्थ) ९८० नॅनोमीटरचे दोन फोटॉन गिळून त्यांची ऊर्जा एकत्र करतात आणि एक हिरवा फोटॉन बाहेर टाकतात. अवरक्त लेसर पडला की हिरवा ठिपका दाखवणारी कार्डे असतात, त्यांतली काही याच तत्त्वावर चालतात. मात्र त्यासाठी प्रखर, एकवटलेला लेसर लागतो. रिमोटच्या प्रकाशात ते काम होत नाही. नवशिक्याने ८०८ किंवा ९८० नॅनोमीटरचे लेसर मॉड्यूल विकत घेऊ नये, हे मी स्पष्टपणे सांगतो. न दिसणाऱ्या प्रकाशापुढे पापणी मिटत नाही, आणि इजा झाल्यावरच कळते. स्वस्त हिरव्या लेसर पॉइंटरमध्येही आत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश असतो आणि गाळणी नीट नसेल तर तो बाहेर पडतो. फायबरच्या उघड्या टोकात डोकावू नये, हे याच कारणासाठी.

दुसरा जुना मार्ग निर्वात नळीचा. फिलिप्समध्ये गिलेस होल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली केलेल्या नळीत अवरक्त प्रकाश एका पातळ थरातून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, उच्च व्होल्टेज त्यांना वेग देते आणि ते समोरच्या स्फुरद्रव्याच्या पडद्यावर आपटून चित्र उमटवतात. रात्रीच्या दुर्बिणींची वंशावळ तिथून सुरू होते. शोधक, ऊर्जा, दिवा हे तिघे तिथेही आहेतच. फक्त चार्जरच्या जागी हजारो व्होल्ट आहेत, म्हणून ते घरी करण्याचे काम नव्हे.

सहावी पायरी : एका ठिपक्यापासून चित्रापर्यंत

पाचव्या पायरीतली जोडणी तीन लाख सात हजार दोनशे वेळा केली, तर ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र मिळेल. हे काम जुन्या वेबकॅमने आधीच करून ठेवले आहे. त्याचा सेन्सर सिलिकॉनचाच असतो, त्यामुळे त्याला ११०० नॅनोमीटरच्या जवळपासपर्यंत दिसते. कारखान्यात त्याच्यापुढे अवरक्त अडवणारी काच बसवून त्याला मुद्दाम आंधळे केलेले असते. मॅन्युअल फोकसचा, म्हणजे पुढचे कडे हाताने फिरवायचा, बिनकामाचा वेबकॅम यासाठी निवडावा. फोनवर हा प्रयोग करू नये.

वेबकॅमचे कवच उघडून भिंगाची नळी अलगद फिरवत पूर्ण बाहेर काढावी. तिच्या मागच्या तोंडावर नखाएवढी चौकोनी काच दिसते. तिरकी धरली की तिच्यावर लालसर झाक येते, समोरून पाहिली की ती किंचित निळसर दिसते. तीच गाळणी. काहींत ती डिंकाने चिकटवलेली असते, तेव्हा सुईच्या टोकाने कडेने सैल करावी, आणि फुटली तर तिचे तुकडे सेन्सरवर पडू नयेत म्हणून नळी सेन्सरपासून दूर धरूनच हे करावे. उघड्या सेन्सरवर बोट लागू देऊ नये. पावसाळ्यात पंखा बंद करून आणि हात कोरडे करून बसावे. काढलेल्या काचेच्या जागी चौथ्या पायरीतल्या निगेटिव्हचे दोन पदर तेवढ्याच मापाचे कापून बसवावेत आणि नळी परत फिरवावी. काच निघाल्यामुळे फोकस हललेला असतो, म्हणून चित्र सुस्पष्ट होईपर्यंत कडे पुन्हा जुळवावे लागते. कधी ते आधीपेक्षा अर्धा आटा आत जाते, आणि कवचाचा काठ आड येत असेल तर तो कानशीने थोडा घासावा लागतो.

संगणकावर चित्र सुरू करून आधी रिमोट दाखवावा. तो आता विजेरीसारखा भासतो. मग सकाळच्या कोवळ्या उन्हात कॅमेरा खिडकीतून बाहेर, झाडांकडे वळवावा. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत येऊरच्या बाजूची जी टेकडी डोळ्यांना गर्द हिरवी दिसते, ती पडद्यावर पांढरीशुभ्र दिसते आणि वरचे निरभ्र आकाश काळपट. चित्र फार भगभगीत आले, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले एक्स्पोजर आपोआपवरून हातावर घ्यावे आणि पानांच्या शिरा वेगळ्या दिसू लागेपर्यंत कमी करत न्यावे.